पॅच लागल्यानंतरच्या फायली

अंधेरी पूर्वेला गाळ्यांच्या एका जुन्या वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावर आमची प्रयोगशाळा आहे. रक्त, लघवी, थुंकी तपासण्याची. बोरिवली, घाटकोपर, मुलुंड, वाकोला अशा ठिकाणी नमुने घेण्याची छोटी केंद्रं आहेत. तिथून नळ्या आमच्याकडे येतात आणि संध्याकाळपर्यंत लोकांच्या मोबाइलवर रिपोर्ट जातात. मधलं सगळं काम सर्व्हरवर चालतं, आणि तो सर्व्हर सांभाळण्याचं काम बरीच वर्षं आम्ही दोघं करत होतो. मी आणि माझा एक सहकारी. कागदोपत्री आम्हाला ‘विभाग’ म्हणायचे.

सर्व्हरची खोली म्हणजे पूर्वीची कोठीची खोली. खिडकी विटांनी बुजवलेली, आत दोन एसी, ते आळीपाळीने चालवायचे. आम्ही बाहेर एका टेबलावर समोरासमोर बसायचो.

सहकारी जोगेश्वरीचा, गुंफांच्या बाजूला एका खोलीत वाढलेला. घरचे मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते. गिरणी बंद झाल्यावर एका सोसायटीत लिफ्ट चालवायला लागले. एका खोलीत सात माणसं. नवी वस्तू घरात आली की जुनी दाराबाहेर, हा त्यांच्या घरचा कायदा, असं तो सांगायचा. ती सवय त्याच्या हातात उतरली होती. त्याचं टेबल कायम मोकळं. त्याच्या संगणकाच्या पडद्यावर चार चिन्हं असत, माझ्या पडद्यावर मागचं चित्र दिसत नसे.

मी मुलुंडची. आई-वडील दोघंही ऑफिसात नोकरी करणारे. आमच्याकडे मिक्सर आणला तर मिक्सर मोडेपर्यंत त्याचं खोकं माळ्यावर. परत द्यायची वेळ आली तर? ती वेळ कधी आल्याचं मला आठवत नाही, पण खोकी होती.

तेव्हा आमचं भांडण ठरलेलं होतं, आणि ते दर काही आठवड्यांनी व्हायचं.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीला त्यात चूक सापडली की ती दुरुस्तीचा एक तुकडा पाठवते. त्याला पॅच म्हणतात. तो आधी सर्व्हरवर उतरवून घ्यायचा, मग लावायचा. लावून झाला तरी उतरवलेली फाइल तिथेच पडून राहते. पुढच्या वेळी आणखी एक. शिवाय पॅच लागताना जुने भाग बदलले जातात, ते सॉफ्टवेअर स्वतःच एका वेगळ्या फोल्डरात बाजूला काढून ठेवतं. पॅच मागे घ्यायचा झाला तर ते परत बसवता यावेत म्हणून. बघता बघता सर्व्हरची डिस्क भरते. उरलेली जागा दाखवणारी निळी पट्टी लाल होते.

“लागला ना पॅच? चालू आहे ना सगळं? मग काढून टाक गो,” तो म्हणायचा.

“थांब रे. महिनाअखेर जाऊ दे. डॉक्टर मंडळींना चार दिवस वापरू दे.”

“महिनाअखेर गेली की तू म्हणशील दिवाळी जाऊ दे.”

“म्हणेन.”

यात राग नसायचा. चहा यायचा, आम्ही प्यायचो. कधी त्याचं चालायचं, कधी माझं. नियम असा काही नव्हताच. ज्याच्या हाताशी वेळ असेल त्याच्या स्वभावाप्रमाणे फायली राहायच्या किंवा जायच्या, आणि कितीतरी वर्षं त्यावाचून कुणाचं अडलं नाही.

रिपोर्टच्या सॉफ्टवेअरला एक मोठा पॅच आला तेव्हा मी रजेवर होते. नणंदेच्या घरी वास्तुशांत होती, बदलापूरला. सहकाऱ्याने रविवारी दुपारी, केंद्रं बंद झाल्यावर, एकट्याने पॅच लावला. नीट लावला. दोन-तीन जुने रिपोर्ट काढून पाहिले, छापून पाहिले. सगळं व्यवस्थित. मला मोबाइलवर संदेश पाठवला: ‘झकास. जेव तू.’

पॅच मोठा होता, त्यामुळे डिस्क जवळजवळ भरली होती. सोमवारी सकाळी सगळ्या केंद्रांवरून नमुन्यांची गर्दी येणार. त्याने उतरवलेली फाइल काढून टाकली. तेवढ्याने फारशी जागा झाली नाही. मग त्याला ते दुसरं फोल्डर दिसलं, सॉफ्टवेअरने जुने भाग बाजूला ठेवले होते ते. त्याचं नाव अगम्य होतं, आकडे आणि अक्षरं. त्याला वाटलं, पॅच उलगडताना झालेला कचरा असेल. त्याने तेही काढलं. पट्टी निळी झाली. सर्व्हरची खोली बंद करून तो घरी गेला.

सोमवारी मी आले तेव्हा त्याने स्वतःहून सांगितलं, “सगळा साफ केलंय. बघ, किती जागा झाली.” मी पडदा पाहिला. खरंच बरीच जागा झाली होती. काय काय काढलं हे त्याने सांगितल्यावर मी एवढंच म्हणाले की ते दुसरं फोल्डर ठेवायला हवं होतं बहुतेक. तो म्हणाला, “चालू आहे ना?” चालू होतं.

बुधवारी दुपारी एक बाई आली. मी तेव्हा खाली स्वागत कक्षातला प्रिंटर बघायला गेले होते, म्हणून मला सगळं दिसलं. तिशीच्या आतली असेल, वाकोल्याहून आली होती. कडेवर आठ महिन्यांचं बाळ, हातात रिपोर्टचा कागद. सोबत तिची सासू. बाळाला ताप येत होता म्हणून त्यांच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं होतं, रिपोर्ट आदल्या संध्याकाळी मोबाइलवर गेला होता. डॉक्टरांचा दवाखाना बंद होता. मग रिपोर्टात ज्या शब्दापुढे आकडा जास्त असल्याचा बाण होता, तो शब्द बाईने मोबाइलवर शोधला.

“मला खरं सांगा,” ती काउंटरवरच्या मुलीला म्हणाली, “हा पांढऱ्या पेशींचा कॅन्सर आहे का?”

काउंटरवरची मुलगी गोंधळली. असं काही सांगण्याचा तिला अधिकारही नव्हता आणि माहितीही नव्हती. ती म्हणाली, “ताई, तुम्ही बसा. मी मॅडमना बोलावते.”

“बसवत नाहीये मला.”

सासूने बाळ स्वतःकडे घेतलं. बाळ मजेत होतं. सासूच्या मंगळसूत्राची वाटी तोंडात घालत होतं.

मॅडम म्हणजे आमच्या मुख्य पॅथॉलॉजिस्ट. साठीच्या, घाटकोपरला राहणाऱ्या, आवाज खणखणीत. आदले दोन दिवस त्या रजेवर होत्या, त्यांच्या जागी दुसऱ्या डॉक्टरांनी रिपोर्टवर सह्या केल्या होत्या. त्या खाली आल्या, कागद घेतला, चष्मा कपाळावर सरकवून वाचला. मग दुसऱ्यांदा वाचला.

“बाळ किती महिन्यांचं?”

“आठ.”

मॅडमनी बाईच्या खांद्यावर हात ठेवला. “हे बघ, तुझ्या बाळाला काही झालेलं नाही. लहान बाळांच्या रक्तात या पेशी जास्तच असतात. असायलाच हव्यात. हा बाण चुकीचा छापला गेलाय. चूक आमची आहे, तुझ्या बाळाच्या रक्ताची नाही.”

“मग बाण का आला?” बाईने विचारलं.

“तेच शोधते आता.”

बाई बाकावर बसली आणि रडायला लागली. सासू म्हणाली, “रात्रभर नुसती त्याच्याकडे बघत होती हो. झोपलेल्या पोराला हलवून हलवून बघत होती.” मॅडमनी त्यांना पाणी दिलं, चहा मागवला, आपल्या हाताने कागदावर बरोबर आकडे लिहून खाली सही केली. मग माझ्याकडे वळल्या. त्यांना मी तिथे उभी असल्याचं आधीपासून माहीत होतं.

“वर चल.”

वर गेल्यावर त्यांनी त्या दोन-तीन दिवसांतले लहान मुलांचे रिपोर्ट काढायला सांगितले. चूक कळायला वेळ लागला नाही. नव्या पॅचमध्ये वयाप्रमाणे सामान्य आकडे छापायची सोय केली होती. पण वर्षाच्या आतल्या बाळाचं वय महिन्यांत लिहिलेलं असतं, आणि पॅच महिन्यांना वर्षं समजत होता. आठ महिन्यांच्या बाळाला आठ वर्षांच्या मुलाचे आकडे लागत होते. रक्ताची तपासणी बरोबर, शेजारचा सामान्य आकडा चूक, त्यामुळे बाण चूक. मोठ्या माणसांच्या रिपोर्टात काहीच बिघडलं नव्हतं. सहकाऱ्याने रविवारी तपासून पाहिलेले रिपोर्ट मोठ्या माणसांचेच होते.

“मागचं परत लाव,” मॅडम म्हणाल्या. “आजच्या आज. तोवर बाळांचा एकही रिपोर्ट मशिनमधून जाणार नाही. मी हाताने लिहून देईन.”

सहकारी जागेवरच बसला होता. त्याने सगळं ऐकलं होतं. मॅडम गेल्यावर तो म्हणाला, “वाट लागली.” मग थोड्या वेळाने, “ता फोल्डर.”

पॅच मागे घ्यायला ते काढून टाकलेले जुने भाग लागत होते. सर्व्हरने तसा संदेशच दिला. आम्ही बॅकअपकडे गेलो. बॅकअप रोज व्हायचा, झाल्याचा संदेश रोज यायचा, आणि आम्ही दोघंही तो संदेश वाचून पुढच्या कामाला लागायचो. उघडल्यावर कळलं की त्यात रुग्णांची माहिती आहे, सॉफ्टवेअर नाही. आमच्या आधी इथे जो कंत्राटदार होता त्याने तसंच बसवलं होतं. माहिती असून सॉफ्टवेअर नसेल तर भांडी आहेत पण स्वयंपाकघर नाही, असा प्रकार.

मग कंपनीला फोन. तिथला माणूस सभ्य होता. चूक त्यांना आदल्या दिवशीच दुसऱ्या कुणीतरी कळवली होती. दुरुस्ती पुढच्या आठवड्यात येईल.

“जुनी आवृत्ती तेवढी पाठवा,” सहकारी म्हणाला.

“ती आता साइटवरून काढलीय, सर.”

“तुमच्याकडे असेल की.”

“असेल, पण पाठवायला मंजुरी लागते. वर विचारतो.”

तो फोन ठेवून सहकाऱ्याने डोकं टेबलाला टेकवलं नाही, की काही फेकलं नाही. तो उठला आणि पाण्याची बाटली भरून आणली. मला वाटतं त्याला हाताला काहीतरी काम हवं होतं.

बोरिवलीची आठवण मला आली, त्यात माझी हुशारी काही नव्हती. बोरिवलीच्या केंद्रात एक लहान सर्व्हर होता. लाइन बंद पडली तर तिथलं काम अडू नये म्हणून कधीतरी ठेवलेला. आम्ही दोघंही तिकडे वर्षातून एखाद्या वेळी जायचो. तो बाहेरचा एक इंजिनिअर बघायचा, आणि तो पॅच उशिराच लावायचा. मी बोरिवलीला फोन केला. तिथे नमुने घेणाऱ्या ताईंना सर्व्हर उघडायला सांगितलं आणि काय दिसतं ते विचारलं.

“अहो मॅडम, इथे तर कोंबून भरलंय,” त्या म्हणाल्या. “सगळी सारखीच नावं. पुढे नुसते आकडे बदलतायत.”

“रविवारी आलेला आकडा दिसतो का?” मी तो वाचून दाखवला.

“नाही. त्याच्या आधीचा आहे. त्याच्या आधीचाही आहे. सगळेच आहेत हो, नाही म्हणायला तो एकच नाही.”

त्या इंजिनिअरने आजवर काहीच काढलं नव्हतं. काळजीने नाही, कंटाळ्याने. मूळ सॉफ्टवेअर आणि त्यानंतरचा, रविवारचा सोडून, एकूण एक पॅच तिथे होता.

त्या फायली आणायला सहकारी बाहेरची एक डिस्क घेऊन मोटरसायकलवरून निघाला. हायवेवर मेट्रोचं आणि पुलाचं काम चालू होतं, त्याला जाऊन यायला दुपार संपली. तो येईपर्यंत मी एक रिकामा संगणक तयार ठेवला. आधी त्याच्यावर जुनी आवृत्ती बसवून पाहिली, नंतरच सर्व्हरला हात लावला. मॅडम शेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि स्वतः बाळांचे रिपोर्ट एकेक काढून बघत राहिल्या. आठ महिन्यांचं बाळ, अकरा महिन्यांचं, वीस दिवसांचं. बाण गेले होते.

“ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “आता फोन.”

चुकलेले रिपोर्ट ज्या घरांत गेले होते त्या प्रत्येक घरी फोन करायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. आमच्या सरांना, म्हणजे व्यवस्थापकांना, ते पसंत नव्हतं. त्यांचं म्हणणं, नवा रिपोर्ट पाठवून द्यावा, खाली एक ओळ टाकावी. मॅडम म्हणाल्या, “ओळ कोण वाचतं? बाण वाचतात.” त्या फोन करायला बसल्या. सहकारी त्यांना घरांचे नंबर काढून द्यायला म्हणून शेजारी बसला, आणि मग थोड्या वेळाने मॅडमनी निम्मे फोन त्यालाच करायला लावले.

मी समोरच होते. तो काय बोलत होता ते ऐकू येत होतं. “नाही ताई, घाबरू नका… नाही, परत रक्त द्यायला नको… हो, चूक आमची.” एका घरी कुणी तरी त्याला बराच वेळ झापलं. तो ‘बरोबर आहे तुमचं’ एवढंच म्हणत राहिला. एका घरी रिपोर्ट उघडलाच नव्हता. एका घरी आजोबा होते, त्यांना ऐकू कमी यायचं. त्यांना तो मालवणीत ओरडून सांगत होता, कारण तेही तिकडचेच निघाले. शेवटी त्यांनी त्याचं गाव विचारलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी बैठक घेतली. काय झालं हे विचारल्यावर कुणी बोलायच्या आत तो म्हणाला, “फायली मी काढल्या, सर. एकट्याने.” त्यात नाटकीपणा नव्हता. पुढे त्याने हेही सांगितलं की बॅकअप अर्धवट आहे आणि तो आधी नीट करायला हवा. सरांनी पहिलं वाक्य लिहून घेतलं. बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांना मेल आला: यापुढे सर्व्हरवरची कुठलीही फाइल लेखी परवानगीशिवाय काढू नये.

मला तेव्हा हे चुकीचं वाटलं नाही. माझ्या खोक्यांच्या बाजूने निकाल लागला होता. सहकारी बदलला होता, पण दाखवण्यासारखा नाही. पॅच लावला की आता तो आधी मॅडमकडे जायचा आणि विचारायचा, “कोणकोणते रिपोर्ट बघू?” मॅडम त्याला अवघड अवघड रिपोर्ट काढून द्यायच्या: जुळी बाळं, गरोदर बायका, वय न लिहिलेला माणूस.

पण डिस्क भरत होती. महिन्यामागून महिना फायली साचत होत्या. परवानगी मागणारे मेल आम्ही पाठवायचो. सरांचं उत्तर यायचं, ‘नंतर बोलू.’ परवानगी द्यायची म्हणजे काही झालं तर जबाबदारी आली. न देण्यात कसलीच जबाबदारी नव्हती. मोठी डिस्क मागितली, तीही ‘नंतर’च्या खात्यात गेली. पट्टी लाल झाली आणि लालच राहिली. सहकाऱ्याने तिच्याकडे बघायचं सोडून दिलं. मला ते खुपायला लागलं. माझ्या घरचा माळा आणि हा सर्व्हर यांत फरक आहे, हे मला कळत होतं. माळ्याला काम करायचं नसतं.

पावसाळा संपला आणि डेंग्यूचे दिवस आले. आमच्याकडे त्या दिवसांत सगळ्यात जास्त काम असतं. अशाच एका सकाळी सर्व्हरने नवी नोंद घ्यायला नकार दिला. जागाच उरली नव्हती. घाटकोपरच्या केंद्रात उपाशीपोटी आलेली माणसं रांगेत होती. मुलुंडला एक म्हातारे गृहस्थ मधुमेहाचे, त्यांना चक्कर यायला लागली, तिथल्या मुलीने स्वतःच्या डब्यातली पोळी त्यांना दिली आणि म्हणाली, रक्त उद्या देऊ. केंद्रांचे फोन एकामागून एक येत होते. बॅकअपही आदल्या दोन रात्री झाला नव्हता. त्यालाही जागा लागते.

सहकाऱ्याने सरांना फोन लावला. सर पवईत गाडीत अडकले होते.

“सर, फायली काढायची परवानगी द्या.”

“कुठल्या फायली? मी येतो, मग बघू.”

“सर, तिकडे रांगा लागल्यात.”

“मी येतोय म्हटलं ना.”

त्याने फोन ठेवला. त्याचे हात टेबलावर होते. मी त्याला म्हणाले, “काढू या रे. मी पण आहे.”

“नाय,” तो म्हणाला. “मी एकदा काढलंय.”

मॅडम दारात उभ्या होत्या. केंद्रांचे फोन त्यांनाही जात होते. त्या म्हणाल्या, “माझं नाव लिही. परवानगी मी दिली. पण दोघं बसून काढा, एकट्याने नाही.”

आम्ही एकाच पडद्यासमोर दोन खुर्च्या लावल्या. त्या सकाळी जे झालं ते खरं तर दहा वर्षांपूर्वीच व्हायला हवं होतं. प्रत्येक फाइलवर तो थांबायचा आणि मोठ्याने विचारायचा.

“हा पॅच लागलाय, हे पक्कं?”

मी नोंद बघून सांगायचे, “लागलाय.”

“याच्यावर दुसरा बसलाय?”

“बसलाय. दोन बसलेत.”

“मग या मागच्याकडे आपण कधी परत जाणार नाय. उद्या लागलीच तर ही फाइल परत मिळेल कुठून?”

“कंपनीच्या साइटवर आहे. थांब, उघडून बघते. आहे.”

साइटवर नसेल तर आधी बाहेरच्या डिस्कवर घ्यायची, ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून उघडते का बघायचं, आणि मगच इथली काढायची. सगळ्यात ताजा पॅच आणि त्याच्या आधीचा, हे दोन ठेवायचे. आणि सॉफ्टवेअरने स्वतः बाजूला ठेवलेलं जे फोल्डर, त्याला हाताने शिवायचं नाही. ते ज्याने ठेवलं त्यालाच काढू द्यायचं; त्यासाठी सॉफ्टवेअरमध्येच सफाईची सोय असते, आधीच्या पॅचवर नवा पक्का बसला की ती वापरायची. त्याने हे मला शिकवलं नाही, मीही त्याला शिकवलं नाही. एकेक फाइल पुढे येत गेली तसं ते दोघांच्या तोंडून निघत गेलं.

पहिल्या काही फायली गेल्यावरच सर्व्हर नोंदी घ्यायला लागला. घाटकोपरहून फोन आला, “चालू झालं हो.” आम्ही उठलो नाही, पुढच्या फायली बघत राहिलो. सर आले तेव्हा काम संपत आलं होतं. ते काही वेळ मागे उभे राहिले. मग म्हणाले, “हे असं लिहून ठेवा कुठेतरी.” मॅडम म्हणाल्या, “लिहून काय करायचं? दर महिन्याला दोघांनी बसायचं. एवढंच.”

आम्ही बसायला लागलो. महिन्यातला एक दिवस, जेवणानंतर. नंतर तो सवयीचा भाग झाला आणि त्याच्यात सांगण्यासारखं काही उरलं नाही. आमचं भांडणही संपलं. कधीकधी मला त्या भांडणाची आठवण यायची. ते चांगलं भांडण होतं.

पुढे सहकाऱ्याने नोकरी बदलली. ट्रॉम्बेच्या बाजूला एका कारखान्यात त्याला बरं काम मिळालं. निरोपाच्या दिवशी मॅडमनी त्याला आपल्या हातचे मेथीचे ठेपले दिले. तो मला म्हणाला, “तिकडे बॅकअप पहिला उघडून बघणार गो. मग बाकीचा.” अधूनमधून त्याचा फोन येतो. नवं घर घेतलंय विक्रोळीला, दोन खोल्यांचं. आईला तिथे खोली मोठी वाटते म्हणून ती अजून जोगेश्वरीलाच असते.

गेल्या वर्षी आमचा सर्व्हरच गेला. आता माहिती दुसऱ्याच्या भाड्याच्या सर्व्हरवर असते, कुठे ते मला माहीत नाही. पॅच तेच लावतात. कोठीच्या खोलीत आता नमुन्यांच्या शीतपेट्या ठेवतात आणि बुजवलेली खिडकी पुन्हा उघडलीय. माझं काम बरंचसं फोनवर झालंय.

पहिल्या महिन्यातच मी त्या नव्या कंपनीच्या माणसाला विचारलं, “पॅच लागल्यावर जुन्या फायली तुम्ही कधी काढता?”

“ते आपोआप होतं, मॅडम.”

“कधी होतं पण?”

“ठरावीक दिवसांनी.”

“ते दिवस कुठून मोजता? पॅच लागल्यापासून, की पुढचा पॅच नीट चालतोय हे बघितल्यापासून?”

“हे कुणी विचारत नाही, मॅडम. बघून सांगतो.”

त्याने सांगितलं नाही, म्हणून मी पुन्हा फोन केला. पुन्हा केला. शेवटी त्याच्या वरच्या बाईंशी बोलणं झालं. पॅच लागल्यापासून मोजत होते. मी म्हटलं, आमच्यापुरतं बदला. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, आमच्याकडे लहान बाळांचे रिपोर्ट असतात. त्यांना ते कारण कळलं की नाही, ठाऊक नाही. पण त्यांनी बदललं, आणि तसा मेल पाठवला. मी तो मॅडमना दाखवला. त्या सूक्ष्मदर्शकावर वाकलेल्या होत्या. डोळा न काढता म्हणाल्या, “बरं झालं,” आणि काच पुढे सरकवली.